कॉलरवालीची गोगलगाय

गल्लीत तिला सगळे कॉलरवाली म्हणत. हे नाव तिला कारखान्यात मिळालं होतं आणि ते तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. शर्टाच्या त्या कारखान्यात माणसांची नावं हजेरीच्या कागदावर असायची, लाइनीवर मात्र कामाच्या नावानंच हाका मारल्या जायच्या. कफवाली, काजवाली, खिसेवाला, बाहीवाली. "अगं बाही, जरा सरक," म्हटलं की नेमकी तीच सरकायची. आपली ही एकतीस वर्षं कॉलरला बसली.

काम ठरलेलं. कापडाच्या दोन पट्ट्या, मध्ये एक कडक बकरमची. तीन बाजूंनी टीप मारायची, टोकं कातरायची, मोजा उलटावा तशी सगळी उलटवायची, बोथट काडीनं कोपरे बाहेर काढायचे आणि वरून दाबटीप. झाली एक. ती टोपलीत पडायच्या आत दुसरी सुईखाली. तिच्या कॉलरची दोन्ही टोकं एकावर एक ठेवली तर केसाचा फरक निघत नसे. तपासणीचा साहेब इतरांचे गठ्ठे उघडून बघायचा, तिच्या गठ्ठ्यावर नुसता हात ठेवून पुढे जायचा.

बसमध्ये बसली की पुढच्या बाकावरच्या माणसाच्या मानेवर तिची नजर खिळायची. ही आपली असेल का? एकदा एका गृहस्थानं मागे वळून विचारलं, "बाई, मुंगी आहे का मानेवर?" तिनं घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र तिनं जन्मात कुणाला सांगितली नव्हती. तिला शिवता येत नव्हतं.

म्हणजे सरळ टीप यायची, तीही डोळे मिटून. पण ती टीप कुठं मारायची हे दुसरंच कुणीतरी आधी ठरवून, कापून, गठ्ठा बांधून पाठवायचं. कापड बेतणं, मापं घेणं, बाहीसाठी काखेचा मुंढा काढणं, बाही लावणं यातलं तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. अठराव्या वर्षी कारखान्यात शिरली ती थेट कॉलरवरच. शिकायचं राहून गेलं, आणि पुढे 'मला येत नाही' असं म्हणायची सोय राहिली नाही. जी बाई दिवसाला चारशे कॉलरी करते तिला साधा फ्रॉक शिवता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार?

कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं जुनी यंत्रं ज्याची त्याला देऊन टाकली. तिचंही घरी आलं. चार माणसांनी जिन्यातून चढवलं, खिडकीखाली ठेवलं. तिनं त्यावर चादर टाकली, चादरीवर रेडिओ ठेवला आणि औषधांचा डबा. बारा वर्षं ते तसंच. कुणी पायजमा आखूड करायला आणला की तिचं उत्तर तयार असायचं, "झालं की गं आयुष्यभर. आता सुई पाहिली तरी मळमळतं." लोकांना ते पटायचं. उलट कीवच यायची.

तिला एकच लेक. एका मोठ्या दवाखान्यात रक्ताचे नमुने घेण्याच्या कामावर. पाळी दर आठवड्याला बदलायची. जावई मालट्रकवर, गेला की आठ-आठ दिवस घरी नाही. त्यामुळे त्यांची पावणेपाच वर्षांची मुलगी कधी आईकडे, कधी आजीकडे. तिला घरात ठकी म्हणत. ठकीच्या दोन्ही घरी दोन उशा होत्या, दोन दात घासायचे ब्रश होते. कपड्यांची पिशवी मात्र एकच. ती या घरातून त्या घरात हिंडायची, आणि हवा तो मोजा हमखास दुसऱ्या घरी राहायचा.

एक दिवस कॉलरवाली ठकीला आणायला शाळेत गेली तर शिशुवर्गाच्या बाई फाटकाशीच उभ्या.

"आजी, तुमच्या नातीनं गंमतच केली. आम्ही एक छोटंसं नाटक बसवतोय, बागेतल्या किड्यामुंग्यांची सभा. बावीस मुलं, त्यातल्या चौदा जणांना फुलपाखरूच व्हायचंय. ही एकटी उठून म्हणाली, मी गोगलगाय. आता कपड्यांचं बघाल ना? नाहीतर आम्ही आपलं पुठ्ठ्याचं काहीतरी..."

"पुठ्ठा नको," ठकी म्हणाली. "आजी शिवणारे. आजी शर्टाच्या कारखान्यात होती. तिनं सगळ्या माणसांचे शर्ट शिवलेत."

"अरे वा! मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या.

'आता होत नाही माझ्याच्यानं' हे ठेवणीतलं वाक्य कॉलरवालीच्या ओठांवर आलं होतं. पण ठकी तिचं बोट धरून, मान मागे टाकून, वर बघत होती. त्या चेहऱ्यावर शंका नावाला नव्हती.

"शिवेन की," ती म्हणाली.

रस्त्यात तिनं विचारलं, "गोगलगायच का गं? फुलपाखरू किती छान असतं."

"फुलपाखराला घर कुठं असतं?" ठकी म्हणाली. "गोगलगायीचं घर तिच्या पाठीवर असतं. तिच्या आईची ड्यूटी बदलली ना, तरी तिला पिशवी नाही भरायला लागत."

भाजी घ्यायची होती. दुकान मागे पडलं तरी कॉलरवालीच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी लेक आली. तिनं सगळं ऐकलं आणि चपला काढता काढताच हसायला लागली. "आई, तू? आणि शिवणार? ठके, तुला तुझ्या आईच्या चांदणीची गोष्ट माहीत आहे का?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लेक दुसरीत असताना शाळेच्या नाटकात चांदणी झाली होती. बाकीच्या चांदण्यांना त्यांच्या आयांनी पांढरे झगे शिवून दिले. हिच्या आईला वेळ नव्हता. म्हणून ही निळ्या फ्रॉकवर पुठ्ठ्याची चांदणी टाचून गेली. शिक्षिकेनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला पडद्याची दोरी धरायला दिली. "पण सगळं नाटक माझ्या हातात होतं," लेक शेवटी नेहमी म्हणायची. "मी पडदा ओढला नसता तर काय दिसणार होतं कुणाला?"

सगळे हसायचे. कॉलरवालीही हसायची. आजही हसली.

"उगाच त्रास घेऊ नकोस गं," लेक म्हणाली. "तयार पोशाख भाड्यानं मिळतात. मी बघते."

"गोगलगायीचा कुठं मिळतोय," कॉलरवाली म्हणाली. "अठरा दिवस आहेत. होईल."

दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत गेल्यावर तिनं रेडिओ उचलला, डबा उचलला, चादर काढली. यंत्राला तेल दिलं. मोटार आधी कण्हली, मग घुमायला लागली. पायाखालची पट्टी जराशी दाबली तर सुई अशी धावली की तिनं पाय झटकन मागे घेतला. पण हातांना सगळं आठवत होतं. बोटं आपोआप सुईच्या दोन बाजूंना जाऊन बसली.

तिनं आधी शंखाला हात घातला. कपाटावर एक जुना तपकिरी पडदा होता. तो पसरून ती बराच वेळ त्याच्यासमोर मांडी घालून बसली. गोगलगायीचा शंख म्हणजे काय? एक लांब नळी, गुंडाळत गुंडाळत नेलेली. आणि नळी म्हणजे काय? दोन पट्ट्या, तीन बाजूंनी टीप, आणि उलटवायचं. म्हणजे ही कॉलरच! फक्त चार मीटर लांब.

ते मग तिनं असं झपाट्यानं केलं की विचारू नका. अडचण आली ती उलटवताना. एवढी लांब नळी बोथट काडीनं कुठली उलटायला? ठकी घरी आल्यावर दोघींनी झाडूचा दांडा घेतला. एकीनं दांडा धरायचा, दुसरीनं कापड खेचायचं. खेचता खेचता ठकी दोनदा पाठीवर पडली आणि तिसऱ्यांदा मुद्दाम पडली. मग जुन्या उशीतला कापूस त्यात ठासून भरला, नळी गोल गोल गुंडाळली, बकरमच्या चकतीवर हातानं टाचली आणि मागे दप्तरासारखे दोन पट्टे लावले. ठकी शंख पाठीवर घेऊन संध्याकाळभर घरात रांगत होती. जेवायलाही त्यासकटच बसली.

"आजी, तुला किती छान येतं," ती म्हणाली.

कॉलरवाली त्या दिवशी भलतीच खुशीत होती. वाटलं, निम्मं काम झालं. खरं काम पुढेच होतं.

अंगातला झगा करायचा होता. बाह्या असलेला, घोट्यापर्यंत लांब, वर टोपी आणि टोपीला दोन शिंगं. तिनं ठकीचा एक जुना फ्रॉक राखी चादरीवर ठेवला, कडेकडेनं खडू फिरवला आणि बरोबर खडूच्या रेघेवर कात्री चालवली. शिवून झाल्यावर झगा ठकीच्या डोक्यातूनच जाईना. कसाबसा ओढून घातला तर काखेत असा आवळला की तिचे दोन्ही हात झोपेत चालणाऱ्या माणसासारखे पुढे ताठ झाले.

ठकीनं थोडा वेळ विचार केला. "आजी, गोगलगायीला हात नसतातच ना?"

"तिला नसले तरी तुला आहेत," आजी म्हणाली आणि टीप उसवायला बसली.

दुसऱ्या खेपेला तिनं मोठा कापला. एक बाही अचानक नीट बसली. का बसली ते तिला कळलं नाही. दुसरी लावली तर तीही डावीच निघाली. तिसऱ्या खेपेला खांद्यावर एवढ्या चुण्या पडल्या की ठकी खांदे उडवून उभी असल्यासारखी दिसायला लागली. चुकलेल्या बाह्या ती पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होती. अर्धी चादर संपली. शेजारीण मध्येच डोकावून गेली. तिच्या कानावर 'गाय' एवढंच पडलं होतं, म्हणून ती प्रेमानं पुठ्ठ्याची दोन शिंगं आणि सुतळीची शेपटी घेऊन आली. शेपटी ठकीला आवडली. गोगलगायीला ती नसते हे समजावण्यात एक दुपार गेली.

दहा दिवस उरले तेव्हा कॉलरवालीनं उरलेलं कापड पिशवीत घातलं, बस पकडली आणि बाहीवालीचं घर गाठलं.

कारखान्यात बाहीवाली तिच्या पुढच्या रांगेत बसायची. एकोणीस वर्षं हिनं तिची पाठ पाहिली. तिची वेणी पांढरी होताना पाहिली. जेवणाच्या सुट्टीत दोन शब्द व्हायचे तेवढेच. कारखाना सुटल्यावर भेट नाही. बाहीवाली एका पावाच्या भट्टीवरच्या खोलीत राहायची. जिना गरम होता. दार उघडून ती क्षणभर बघत राहिली.

"कॉलर!"

"हो गं, मीच."

बाहीवालीच्या दोन्ही हातांचे अंगठे सांधेदुखीनं सुजले होते. तिनं कोपरानं खुर्ची पुढे सरकवली. कॉलरवालीनं पाणीसुद्धा न पिता पिशवीतून झगा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. बाहीवालीनं चष्मा लावला. झगा उलटा केला, सुलटा केला.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"थट्टा करतेस."

"नाही गं. मला बाही लावता येत नाही. बाहीच काय, काहीच येत नाही. एकतीस वर्षं नुसत्या कॉलरी केल्या. आता नातीला शब्द देऊन बसले आहे."

म्हणून टाकलं. वाटलं, आता ही हसणार. उद्या अख्ख्या जुन्या लाइनीत ही बातमी फिरणार.

बाहीवाली हसली नाही. "कारखाना सुटला त्या वर्षी माझ्या सुनेला मूल झालं," ती म्हणाली. "सून म्हणाली, आई, बाळाला झबलं शिवा. मी मऊ कापड आणलं. दोन बाह्या अशा झकास केल्या म्हणतेस! आणि त्या दोन बाह्या मांडीवर घेऊन बसले. झबल्याला पाठ असते, पोट असतं, ते कुठून आणायचं?"

"मग गं?"

"मग काय, शिवणवर्गात नाव घातलं. सोळा-सोळा वर्षांच्या पोरींत. तिथली बाई म्हणाली, मावशी, तुम्ही शिकवायला आलात ना? म्हटलं, नाही बाई, पहिल्या धड्यापासून." तिनं झग्याची शिवण बोटानं चाचपली. "हे बघ, आधी मला सांग, माया कुठं आहे?"

"काय?"

"माया गं, माया! शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ते. तू अगदी रेघेवर कापलंस. वाढतं पोर आहे, उद्या सैल करायचं म्हटलं तर काय सैल करशील?"

"कॉलरला माया नसते," कॉलरवाली म्हणाली. "आम्ही कातरूनच टाकतो. नाहीतर टोक जाड होतं."

"हे कॉलर नाही."

पुढचे पाच दिवस ठकीला शाळेत सोडून ती थेट बाहीवालीकडे जायची. बाहीवालीच्या खोलीत पायानं चालवायचं एक साधं मशीन होतं. तिच्या अंगठ्यांना कात्री पेलत नव्हती, म्हणून ती नुसती सांगायची. हातात लाकडी पट्टी, आणि पट्टीनं कापडावर टकटक. "इथं नाही, इथं. बाहीचा पुढचा गोलवा खोल घ्यायचा, मागचा उथळ. का? माणूस हात पुढे नेतो, मागे नाही नेत. काप. अगं काप, घाबरतेस काय, चादर आहे ती!" चुकलं की ती अशी ओरडायची की खालचा भट्टीवाला वर बघायचा. कॉलरवालीला एकसष्ट वर्षांत इतकं कुणी ओरडलं नव्हतं. पण परत जाताना बसमध्ये तिच्या लक्षात यायचं की आपण हवेतच बोटानं गोलवा काढत आहोत, एक खोल, एक उथळ.

चौथ्या दिवशी बाही बसली. नुसती बसली नाही, खांद्यावरून पाणी ओघळावं तशी खाली उतरली. बाहीवालीनं पट्टी बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "हं."

कारखान्यात तपासणीच्या साहेबाचा हात गठ्ठ्यावर पडायचा तेव्हाही कॉलरवालीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गळा राहिला होता. गळ्याला नुसती पट्टी लाव, असं बाहीवालीनं सांगितलं आणि ती चहा टाकायला गेली. परत येते तर काय, झग्याला टोकदार, कडक, दाबटीप मारलेली शर्टाची कॉलर.

"गोगलगायीला कॉलर असते होय?"

"ह्या गोगलगायीला आहे," कॉलरवाली म्हणाली. मग दोघी इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

रविवारी लेक ठकीला न्यायला आली. ठकी शंख लावून शेजारणीला दाखवायला गेली होती. लेक पलंगाखाली तिचा हरवलेला मोजा शोधत होती. मोज्याऐवजी तिच्या हाताला पत्र्याचा डबा लागला. तिनं झाकण काढलं. आतून एक राखी बाही बाहेर आली, मग दुसरी, मग तिसरी.

"आई, हे काय आहे?"

"बाह्या."

"ते दिसतंय. पण सहा?"

"चुकलेल्या."

लेकीला वाटलं आई चेष्टा करते आहे. तिनं मान वर केली आणि आईचा चेहरा पाहून झाकण खाली ठेवलं. कॉलरवाली यंत्रापाशी उभी होती. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. बोलणं आपसूकच सुरू झालं.

"मला शिवता येत नाही गं. कधीच येत नव्हतं. आत्ता शिकले, ह्या आठवड्यात. तुझ्या चांदणीच्या वेळी... मी वेळ नाही म्हटलं ना, ते खोटं होतं. मी पांढरं कापड आणलं होतं. सुट्टीच्या दिवशी तू खेळायला गेलीस तेव्हा कापलं. सगळं वाया गेलं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या झाल्या. मग त्याची पुसायची फडकी केली. वर्षभर त्यानंच ओटा पुसत होते मी."

लेक जमिनीवरच बसलेली होती. बाहीत हात घालून तिनं बोटं दुसऱ्या टोकानं बाहेर काढली होती आणि त्या बोटांकडेच ती बघत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्या शाळेत सांगून आली होतीस, माझी आई कारखान्यात शिवते म्हणून. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"मला वाटायचं, तुला शिवायचंच नव्हतं," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी कॉलरवालीला तो लागला. "चारशे कॉलरी परक्यांच्या, आणि माझा एक झगा नाही. तेहतीस वर्षं मला असं वाटत आलंय, आई. येत नाही म्हणाली असतीस ना, तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. सात वर्षांची होते मी. न येणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, मला तरी कुठं काय येत होतं!"

तिनं बाही डब्यात टाकली, ठकीला हाक मारली, पिशवी उचलली. चहाला थांबली नाही. जिन्यातून ठकीचा आवाज येत राहिला, "आई, हळू ना, गोगलगाय हळू चालते!"

सोमवारी पाळी बदलली आणि ठकी पुन्हा आजीकडे आली. पुढचे चार दिवस लेकीचा फोन यायचा तो ठकीपुरता. खाल्लं का, दूध प्यायली का, ठेवते. कॉलरवालीनं टोपी पूर्ण केली, शिंगांत तार घातली, टोकांना दोन मोठी काळी बटणं लावली. हात कामात होते तेवढा वेळ बरा जायचा. बाकी वेळ ती लेकीचं बोलणं मनात घोळवत बसायची. आपण लाज झाकायला एक खोटं बोललो, आणि पोरीनं त्यातून भलतंच उचललं. हे तिला कधी सुचलंही नव्हतं. लेक ती गोष्ट हसत सांगायची तेव्हा सगळ्या घरात दोनच माणसं मनातून हसत नव्हती, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

नाटकाच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलेलं. बाहीवालीला हिनं आग्रहानं बोलावलं होतं. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली होती, 'मागून शिवण दिसत नाही' म्हणून. कॉलरवाली तिच्या शेजारी. दुसरीकडची खुर्ची तिनं पिशवी ठेवून अडवली होती. पडदा उघडला, सभा सुरू झाली. मधमाशीनं गाऱ्हाणं सांगितलं, मुंगीनं उत्तर दिलं, एक फुलपाखरू आईला बघून रडलं. तेवढ्यात कुणीतरी वाकून वाकून आलं, पिशवी उचलली आणि खुर्चीत बसलं. लेक होती. दवाखान्याचा पांढरा कोटही काढला नव्हता.

"झालं का हिचं?"

"अजून नाही."

गोगलगाय सगळ्यात शेवटी यायची होती. ती आली. रांगत, एका कोपऱ्यातून, इतकी सावकाश की लोकांना आधी दिसलीच नाही. मग कुणीतरी हसलं. मग सगळे. शिशुवर्गाच्या बाई पडद्याआडून हातानं 'चल, चल' करत होत्या. ठकीनं त्यांच्याकडे पाहिलं, ठाम मान हलवली आणि वेग आणखी कमी केला. पेटीवर कुणीतरी सूर धरला होता, तोही संपला. पाठीवर शंख, डोक्यावर डुलणारी बटणं, गळ्याला कडक कॉलर. एक हात उचलायचा, पुढे टाकायचा, थांबायचं. मग दुसरा.

"बघ, बघ," बाहीवाली भर सभागृहात म्हणाली, "हात पुढे जातोय, मुंढ्यात एक चुणी नाही!"

मधोमध पोचल्यावर ठकी थांबली. तिनं चौफेर पाहिलं आणि आपलं एकमेव वाक्य म्हटलं, "सभा संपली का?"

हशा इतका उसळला की ती दचकली. टोपी डोळ्यांवर ओढून तिनं हात-पाय पोटाशी घेतले आणि शंखाखाली गुडुप झाली. पडदा पडला तरी बाहेर येईना. शेवटी बाई आणि मधमाशी अशा दोघींनी तिला उचलून आत नेलं.

लेक हसत होती आणि मनगटानं डोळे पुसत होती. थोड्या वेळानं ती समोर बघतच म्हणाली, "बाह्या छान बसल्यात."

"तिनं शिकवलं," कॉलरवालीनं बाहीवालीकडे बोट केलं.

"मी नुसती ओरडले," बाहीवाली म्हणाली.

बाहेर ठकी कपडे उतरवायला तयार नव्हती, म्हणून त्या तशाच निघाल्या. फाटकापाशी शिशुवर्गाच्या बाईंनी गाठलं. "आजी, पुढच्या वर्षी सगळेच पोशाख तुमच्याकडे हं!" कॉलरवाली म्हणाली, "नाही हो बाई, मी आत्ताच शिकले आहे. एकेक करून विचारा." हे तिनं सहज म्हटलं. म्हटल्यावर तिलाच नवल वाटलं. बाईंनी ते विनय समजून हसण्यावारी नेलं, पण लेकीनं एकदा वळून आईकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी लेक आली ती हातात पांढरा कोट घेऊन. ठकी जमिनीवर चित्र काढत होती. लेक जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग कोट यंत्रावर ठेवून म्हणाली, "याच्या बाह्या लांब आहेत. नऊ वर्षं दुमडून घालते आहे. नमुना घेताना सारख्या खाली घसरतात. आखूड करून देशील?"

"ये इकडे," कॉलरवाली म्हणाली. "माप घेऊ दे."

लेक उभी राहिली, हात पुढे केला. कॉलरवालीनं खांद्याच्या हाडावर मापपट्टीचं टोक धरलं आणि ती कोपरावरून मनगटापर्यंत आणली. लेकीचा हात तिच्या आठवणीपेक्षा बारीक होता, आणि कोपरापाशी भाजल्याचा एक जुना डाग होता, तो कधी पडला ते तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं. लेक सांगायला लागली. सांगून होईपर्यंत दोघींनी मापपट्टी तशीच धरून ठेवली होती, आणि आकडा बघायचा राहूनच गेला म्हणून माप पुन्हा घ्यावं लागलं.